झांजा नसलेला अल्बम

भोंगा हे नाव त्याला कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं. जन्मभर ग्राइंडरवर पत्रे घासलेला माणूस बोलणार तेही ओरडूनच. आणि ऐकतो काय, तर पंक रॉक! तोही एकाच बँडचा, शाळेत असल्यापासून. बँडवाले आता आजोबा झाले, पण अल्बम काढायची त्यांची खोड गेली नाही आणि त्या अल्बमना पहिला-दुसरा असे नंबर द्यायची भोंग्याची खोडही गेली नाही.

नवा अल्बम आला की तो धाकट्या बहिणीच्या घरी जायचा. तिचं केस कापायचं दुकान; जीभही कात्रीसारखीच चालायची. दोघं सगळे अल्बम ओळीने लावायचे आणि एकमत झाल्याशिवाय जेवायचं नाही, असा नियम होता. मेहुणे बिचारे आधीच जेवून घेत.

यंदा भोंगा दारातूनच म्हणाला, "हा सगळ्यात खाली. ड्रमवाल्याने झांजा काढूनच टाकल्यात. नुसती धबधब."

"झांजा आहेत की, दादा. उलट जास्तच आहेत. माझं डोकं उठलं."

"तुला काय कळतंय डोंबल! थांब, झांज कशाला म्हणतात ते ऐकवतो."

त्याने बँडचा दुसरा अल्बम लावला. त्याचा पहिला नंबर आजवर कधी हलला नव्हता. पहिल्या गाण्याची सुरुवात निव्वळ झांजांची, आणि त्या सुरुवातीवर भोंग्याचा भारी जीव. तो ऐटीत हाताची घडी घालून बसला. जरा वेळाने गिटार आली, गाणारा ओरडू लागला. त्याआधी मात्र काहीच वाजलं नव्हतं.

"हे सुरू कधी झालं?" त्याने विचारलं.

"झांजा झाल्या की वाजून, दादा," बहीण म्हणाली. कारखान्यातून मिळालेले कानात घालायचे बोळे त्याने इतकी वर्षं खिशातच ठेवले होते. कानातून झांजा कधी गेल्या, त्याला पत्ताही लागला नव्हता. तो घाबरला, चांगलाच घाबरला.

बहिणीने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, त्याचा हात ओढून घेतला आणि जिथे जिथे झांज वाजेल तिथे तळहातावर बोट आपटत राहिली.

"आता नवा लाव," तो म्हणाला.

तिने लावला. या वेळी बोटाला उसंतच मिळेना. भोंगा हाताकडे बघत बसला.

"चांगला वाजवतोय की," तो म्हणाला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले.