मोनोने मोजलेलं माहेर

"मोनो? वो अभी चलती है क्या?" घाटकोपरच्या रिक्षावाल्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, "चलती है. आप चेंबूर चलो." त्याने मीटर टाकलं आणि आमचा प्रवास सुरू झाला.

बरोबर माझी थोरली नणंद, मुलुंडच्या कुंदाताई. माझ्या लेकीसाठी, केतकीसाठी, हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा ओंकार, राहायला वडाळ्याला भक्ती पार्कात. मुलगा चांगला, माणसं चांगली, आणि केतकीला तो मनापासून आवडलेला. अडलं होतं ते माझ्यापाशी. माझं माहेर देवगडचं. तिथे जायचं म्हणजे रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची. लेकीचं माहेर उठलं की पोचलं इतकं जवळ हवं, हे मी केतकी पाळण्यात असतानाच ठरवलेलं. रविवारी उत्तर द्यायचं होतं. तेव्हा आधी चेंबूरहून मोनोरेलने जायचा रस्ता स्वतः पाहीन, मग होकार देईन, असं मी घरात जाहीर केलं.

चेंबूरला उतरल्यावर आधी पोटोबा. कॅम्पात सिंधी लोकांचं दाल पकवान (कुरकुरीत मैद्याची पुरी आणि वर चटणी घातलेली हरभऱ्याची डाळ) खाल्लं. लेक इथून जाताना नवऱ्यासाठी बांधून नेईल, अशी नोंद मी मनात केली. परीक्षक म्हणून मी तशी उदार आहे.

स्टेशनात सगळं लखलखीत, आणि माणसं कमी. तिकिटाच्या खिडकीवर प्लास्टिकची गोल चकती मिळाली. बऱ्याच वेळाने गाडी आली. बुटकी, गुबगुबीत, एकाच जाडजूड तुळईवर बसून येणारी. सुटल्यावर ती पहिल्याच वळणाला कलली आणि कुंदाताईंनी माझा दंड धरला.

"अगो नीला, इतक्या उंचावर कित्याक (कशाला) बांधली ही? माका गरगरता!"

"डोळे मिटा आणि गप्प बसा," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. गप्प मात्र बसल्या नाहीत.

मी खिडकीला नाक लावून बसले. लोकांच्या गॅलऱ्या अगदी हाताशी. कुणी कपडे वाळत घालतंय, कुणी नातवाला भरवतंय, आणि गाडीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मग कारखान्यांच्या टाक्या आणि नळ गेले. म्हैसूर कॉलनीचं स्टेशन सोडलं आणि एकदम सगळं मोकळं झालं. खाली खारफुटीचं हिरवंगार रान, मधून वळत गेलेली खाडी, लांब चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. खाडीच्या अलीकडे आमचं उपनगर, पलीकडे मूळ मुंबईचं बेट. घाटकोपरला इतकी वर्षं काढली, पण ही वेस मी अशी वरून कधी पाहिली नव्हती. मला गाडी फार आवडली. होकार जवळजवळ ओठांवर आला होता.

या नादात भक्ती पार्क आलं आणि गेलं. कुंदाताईंचे डोळे मिटलेले, माझे बाहेर. पुढच्या वडाळा डेपोला घाईघाईने उतरून आम्ही समोरच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. गाडी येता येईना. बाकावर शेजारी एक तरुण बाई बसली होती. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर डबा. कुंदाताईंना अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी ठेवता येत नाही.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"चेंबूर."

"म्हणजे ह्याच गाडीने! मग सारखी जात असशील," मी हरखून म्हटलं.

"कसलं हो काकी! ड्युटी म्हैसूर कॉलनीत. तिथे रोज उतरते ना, आईचं घर पुढेच. जवळ आहे, कधीही जाता येईल, असं म्हणत राहूनच जातं." ती हसली. "दिवाळीत गेले होते."

गाडी आली. परतताना ती म्हैसूर कॉलनीला उतरली, डबा सावरत, मागे न बघता. त्याआधी भक्ती पार्कला मी उतरलेच नाही, तिथल्या इमारती खिडकीतूनच पाहिल्या. माझा विरस झाला होता, आणि तो मी लपवलाही नाही. मी एवढं अंतर मोजत बसले, आणि जवळ असूनही लेकी येत नसतील तर काय उपयोग?

घरी केतकी दारातच उभी. "काय गं, पास का नापास?"

"गाडी झकास आहे," मी म्हटलं आणि त्या बाईचं सगळं सांगितलं. "तूही तशीच करशील. जवळ आहे, जवळ आहे म्हणत दिवाळीला उगवशील."

"मग तू ये ना!" केतकी म्हणाली. "दर वेळी मीच का यायचं? गाडी दोन्हीकडून चालते ना?"

माझी आई घाटकोपरला एकदाही आली नाही. लेकीच्या सासरी पाणीही प्यायचं नाही, असं ती मानायची. मी दर मे महिन्यात जात राहिले, रात्रभर बसमध्ये बसून. पण माझा ओटा कुठल्या बाजूला आहे, सकाळी माझ्या खिडकीत ऊन कसं येतं, हे तिने कधी पाहिलं नाही. आणि मी तिला कधी ये म्हटलंही नाही. आज ते फार लागलं.

मी रविवारची वाट पाहिली नाही. मुलुंडला पोचून कुंदाताई अजून गरगरतंय म्हणून पडल्या होत्या, तरी त्यांना फोन केला.

"कुंदाताई, होकार कळवा. आणि त्यांना स्पष्ट सांगा, मुलीची आई अधूनमधून येणार आहे, आणि आली की जेवल्याशिवाय जाणार नाही."