खिडकीतून घेतलेलं लेकरू

निपाणी स्टँडवर बेळगावची गाडी लागली की दाराशी ही झुंबड! मग बायका आधी लेकरू खिडकीतून आत देतात, कुणाच्याही मांडीवर, आणि मागून आपण चढतात. आमच्याकडं त्यात कुणाला काही वाटत नाही. त्या दिवशी गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी असंच एक लेकरू घेतलं, पण त्यांची नजर काही दारावरून हलेना. आई चढून आली तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पळून जातीय व्हय ती? लेकरू तुमच्याकडं हाय की!" मी हसले.

त्या हसल्या नाहीत. खानापूरकडच्या नर्स होत्या, पॅलेस्टाईनमध्ये स्वयंसेविका म्हणून राहून आलेल्या. सांगू लागल्या, तिथं पलीकडं जायला इस्रायली सैनिकांच्या तपासणी नाक्यावर लोक पहाटेपासून ताटकळत असतात. कुणाला सोडलं, कुणाला परत पाठवलं, एवढंच या स्वयंसेवकांनी उभं राहून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

"एका आजारी पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं, आक्का. पलीकडं जायचा परवाना आजीला मिळाला, आईला न्हाय. आजीला पोरगी उचलंना. मग आईनं माझ्या हातात दिली."

"न्हेलीसा न्हवं पलीकडं? लई पुण्य केलंसा."

"पुण्य कसलं! मी कोण कुठली, मला सोडलं. जिचं लेकरू, ती जाळीमागंच राहिली. पोरगी माझ्या खांद्यावरनं तिलाच हाका मारत होती, आणि मी आपली चालत होते."

गाडी संकेश्वरला आली. मग मी हळूच विचारलं, "बरी झाली का हो पोरगी?"

"कळलं न्हाय, आक्का. आमचं बघणं नाक्यापुरतंच होतं."