मुदतीला वीस दिवस कमी

कोळसेवाडीतल्या कुंडलिक पगारेंना माणसावर विश्वास ठेवायची सवयच नव्हती. बिचाऱ्यांचा दोष तरी काय? तीस वर्षं पालिकेच्या जकात नाक्यावर काढलेली. बिलात गूळ आणि गाडीत काजू, बिलात चादरी आणि चादरींखाली टीव्ही, रोजचंच. विश्वास पानिपतात गेला, असं ते उठता-बसता म्हणायचे. जकात बंद झाली, पुढे ते निवृत्त झाले, पण नजर नाक्यावरचीच राहिली. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांची ताडपत्री वर करून बघायची.

नाक्यावर आणखी एक अक्कल त्यांनी उचललेली, तीही गाडीवाल्यांकडून. विचारल्याशिवाय सांगू नये, आणि विचारलं तरी सगळं सांगू नये. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या स्वानंदने त्यांची आणि बायको शालनची आरोग्य विम्याची पॉलिसी काढून दिली, तेव्हा त्यांनी हीच अक्कल चालवली. शालनला त्याच्या वर्षभर आधी डायबेटिसची गोळी सुरू झालेली. काका, आहे ते खरं लिहा, असं स्वानंद दोनदा म्हणाला. आता एजंट खरं लिहा म्हणतो म्हणजे त्याचा काहीतरी फायदा असणारच की! कुंडलिकरावांनी फॉर्मवर जुन्या आजारापुढच्या ‘नाही’वर खूण केली. पॉलिसीचं जाड पुस्तक आलं ते पाकीट न फोडताच कपाटात गेलं. खोटा माल आपल्या हाताने उघडू नये, हीही नाक्यावरचीच शिकवण. शालनला यातलं काही सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं त्यांचं ठाम मत.

पुढे पेपरात सरकारचा नवा नियम आला. हप्ता न चुकवता पाच वर्षं झाली, की जुना आजार लपवला म्हणून कंपनीला पैसे नाकारता येणार नाहीत, फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. दुसरा कोणी खूश झाला असता. कुंडलिकरावांना संशय आला. कंपन्यांना नडेल असा नियम सरकार काढेलच कसं? तरी कॅलेंडरवर ते दिवस मोजायला लागले.

मुदत भरायला वीस दिवस उरले आणि शालन पोट धरून खाली बसली. पित्ताशयात खडे निघाले. कल्याणच्या इस्पितळातल्या डॉक्टर देवयानींनी स्पष्ट सांगितलं, सूज आहे, त्यात डायबेटिस, आठवड्याच्या आत काढून टाकू, थांबू नका. झालं! कुंडलिकरावांच्या मनात पाल चुकचुकली. एवढी घाई कशाला? पॉलिसी बघून पेशंट अडकवायचा धंदा दिसतोय. खडे एवढी वर्षं गप्प बसले, अजून वीस दिवस नाही बसणार?

घरी त्यांनी थाप मारली. ठाण्याचा एक मोठा सर्जन गाठलाय, त्याची तारीख वीस दिवसांनंतरची मिळालीय. मुलगा रत्नदीप कुरकुरला, पप्पा, इथेच करून टाकू ना. त्याला त्यांनी गप्प केलं. शालनने मात्र शेजारणीला कौतुकाने सांगितलं, माझ्यासाठी ठाण्यापर्यंत शोध केला ह्यांनी. ती फिका वरणभात खायची आणि बरगडीखाली हात दाबून काम करायची. कुंडलिकराव ते बघायचे. जीव तुटायचा त्यांचा, उगाच खोटं कशाला बोला. पण कागदावर डायबेटिस बघून कंपनीने अंग काढून घेतलं तर निवृत्तीचा सगळा पैसा इस्पितळात जाईल, ही भीती त्याहून मोठी होती.

बाराव्या दिवशी सकाळी कपडे पिळता पिळता शालन हुडहुडी भरून मोरीतच कोसळली. रत्नदीपने रिक्षात घालून इस्पितळात नेलं. पित्ताशयात पू झालेला, तो रक्तात पसरत चाललेला. तेव्हाच का नाही आलात, एवढंच डॉक्टर देवयानींनी विचारलं. 

विम्याच्या काउंटरवर कुंडलिकराव गुन्हेगारासारखे उभे राहिले. तासाभरात मंजुरी आली. इतक्या लवकर? यातही त्यांना काळंबेरं दिसलं. चुकून तर नाही ना झालं, म्हणून त्यांनी विचारलं. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. शालन पगारे, डायबेटिस, पॉलिसी घेण्याआधीपासून. पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीच्या डॉक्टरने घरी फोन केलेला, आणि शालनने सगळं खरं सांगितलेलं. त्या आजारासाठी जितकं थांबायचं होतं, ती मुदत केव्हाच सरलेली. कपाटातल्या पुस्तकात हे छापलेलं आहे काका, असं मुलगी म्हणाली.  कुंडलिकरावांनी स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

नऊ दिवसांनी शालन आयसीयूतून बाहेर आली. आवाज खोल गेलेला.

“ते ठाण्याचे डॉक्टर कोण हो?” तिने विचारलं.

तेव्हा कुंडलिकरावांनी सगळं सांगितलं, खूण केली तिथपासून. सांगताना रडले. रत्नदीप खिडकीकडे तोंड करून उभा होता. शालनने पूर्ण ऐकून घेतलं.

“फोनवर त्या डॉक्टरने विचारलं, मी सांगितलं. तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाही सांगितलं असतं.”

ना आदळआपट, ना शिव्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुपारची गोळी द्यायची वेळ झाली. कुंडलिकरावांनी पाण्याचा ग्लास भरला, गोळी तळहातावर ठेवून पुढे केली. शालनने ती उचलली, उलटी-सुलटी करून बघितली आणि हात रत्नदीपकडे लांब केला.

“बघ रे, माझीच आहे का ही?”

रत्नदीपने डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघितलं आणि होय म्हणून मान हलवली. मग तिने ती घेतली.