नोंदवलेला मोबाईल नंबर

आमच्या घरात नंबर एकच होता, ह्यांचा. गॅसच्या पुस्तकावर तो, बँकेत तो, मुलीच्या शाळेच्या डायरीत तो आणि दवाखान्याच्या कागदावरही तोच. हे नागपूरला कळमन्याच्या बाजारात धान्याचे अडते होते. शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचा हा धंदा, त्यामुळे फोन सकाळपासून वाजायचा आणि हे तोंडात घास असतानाही उचलायचे. मी चिडायचे. पण कुठलाही फॉर्म समोर आला की आम्हा मायलेकींच्या तोंडून तोच नंबर निघायचा. माझा स्वतःचा नंबर मला आजही पाठ नाही.

हे गेले त्याला तीन वर्षं झाली. फोन मात्र वाजत राहिला. कुहीकडचा कोणी शेतकरी धानाचा भाव विचारायचा आणि मला सांगावं लागायचं. पलीकडचा माणूस विचारायचा, "कवा झालं जी?" की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका माणसाच्या जाण्याची बातमी किती जणांना द्यायची? वर्षभर दिली. मग एका दुपारी वैतागून फोनचा आवाज बंद केला आणि तो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. नंबर बंद केला नाही. रिचार्ज करते, दर रविवारी चार्जिंगला लावते. हा वेडेपणा आहे हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मुलगी कॅनडात असते. बाबांच्या वेळी जेमतेम आठ दिवस आली होती, त्यानंतर नाहीच. तिथल्या कागदपत्रांचं काहीतरी अडकलं होतं, देश सोडला तर परत घेतील की नाही याचा भरवसा नव्हता. मागच्या वर्षी कागद झाले आणि लगेच ऑफिसने तिला कामासाठी सिंगापूरला पाठवलं. जाताना मुंबईत एक दिवस मिळत होता. सकाळी उतरायचं, संध्याकाळी पुढचं विमान. नागपूरला येऊन जाण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मीच मुंबईला जायचं ठरलं. विमानतळाजवळच्या हॉटेलात तिने खोली घेतली.

"मुंबईत काय पाहायचं तुले?" मी विचारलं.

"मले काही पाहायचं नाही आई. मी झोपून राहीन अन् तू बाजूले बस."

पंधरा दिवस मी या एका वाक्यावर काढले. स्वयंपाक करताना एकटीच हसायचे. शेजारणीने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

तिकीट चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे काढलं. त्याने मोबाईल नंबर विचारला आणि मी सांगून मोकळी झाले. त्याने लिहून घेतला, वर विचारलंसुद्धा, "काकू, नंबर चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हटलं. खोटं काय त्यात?

त्या दिवशी मला माझे दीर गाडीने विमानतळावर घेऊन आले. पिशवीत लेकीसाठी केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या होत्या, अजून कोमट. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, आतल्या काउंटरकडे बोट दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ही फ्लाइट रद्द झाली आहे. परवाच मेसेज गेला तुम्हाला."

"मले कोणताच मेसेज नाही आला."

तिने नोंदवलेला नंबर वाचून दाखवला. तिचे शेवटचे आकडे वाचून व्हायच्या आतच ते मी म्हणून टाकले. ह्यांचा नंबर.

परवा. म्हणजे त्यानंतर मुंबईच्या किती गाड्या नागपूर स्टेशनातून सुटल्या असतील. आदल्या संध्याकाळच्या कुठल्याही गाडीत मिळेल तिथे टेकले असते, फरशीवर बसून गेले असते, तरी सकाळी लेकीसमोर उभी राहिले असते. आता सकाळची दुसरी विमानं भरलेली होती. कंपनी ज्या विमानात जागा देत होती ते संध्याकाळी पोचणार, आणि तोवर लेक सिंगापूरच्या विमानासाठी आत गेलेली असणार. मी काउंटरवरच्या मुलीवर ओरडले. तिचा काय दोष? तिने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मला पाणी आणून दिलं. त्याने मी आणखीच रडले.

मुंबईत उतरल्यावर लेकीने फोन केला. मी सांगितलं, विमान रद्द झालं. एवढंच सांगितलं. ती विमान कंपनीला वाट्टेल ते बोलली आणि मी बोलू दिलं. दिवसभर अधूनमधून व्हिडिओवर दिसत राहिली, पांढऱ्या चादरीवर आडवी, उघड्या डोळ्यांची. "झोप की वं थोडी," मी म्हणायचे. "येत नाही," ती म्हणायची.

दीर हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नियम म्हटला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी आठवडाभर मोबाईलवर वाचून काढलं. विमान रद्द झालं तर दुसऱ्या विमानात जागा किंवा भाड्याचे पैसे परत, हा प्रवाशाचा हक्क. शिवाय वेळेत कळवलं नाही, तर कंपनीने वरून भरपाई द्यायची. "वहिनी, यायले सोडायचं नाही," असं म्हणत त्यांनी दोन पानी तक्रार लिहिली, मी सही केली. भाडं परत आलं. भरपाईबद्दल उत्तर आलं, अगदी नम्र: प्रवाशाला नोंदवलेल्या क्रमांकावर वेळेत कळवलेलं असल्याने भरपाई देय नाही.

उत्तर घेऊन दीर घरी आले ते उत्साहातच. "आता पाहा. नंबर कोनाचा? दादाचा. दादा हयात नाही. मंग कळवलं कोनाले? दादाच्या मृत्यूचा दाखला जोडून टाका, मंग पाहू काय म्हनते कंपनी."

"नाही जोडायचा," मी म्हटलं.

"काहून? खोटं थोडीच सांगून राहिलो आपण?"

खोटं नव्हतं. पण तो दाखला मी बँकेत जोडला, गॅसच्या ऑफिसात जोडला, बाजार समितीत जोडला. जिथे जोडला तिथून ह्यांचं नाव गेलं आणि माझं आलं. ह्यांच्या नावाचा आता हा नंबरच उरला होता. आणि खरं सांगायचं तर कंपनीने कळवलं होतं. मी कपाटातून फोन काढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यातले मेसेज उघडले. मेसेज होता, तारीख-वेळेसकट. "भाऊजी, त्यांनी सांगितलं होतं. मीच वाचलं नाही," मी म्हटलं. दीर चहा न घेताच उठले. माझा राग आला असेल त्यांना, किंवा भावाची आठवण. मी विचारलं नाही.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. "आई, भरपाईचं काय झालं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. नंबर बाबांचा दिला होता, फोन कपाटात होता, आवाज बंद होता. तुझा तो दिवस विमानाने नाही, मी घालवला. ती रागावेल म्हणून मी वाट पाहत राहिले. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "आई, माझ्या इथल्या ऑफिसच्या कागदावर, मले काही झालं तर कोनाले कळवायचं, तिथं अजून बाबाचाच नंबर आहे."

"आत्ताच्या आत्ता बदल," मी जवळजवळ ओरडलेच. "माझा टाक."

"हो," ती म्हणाली.

तिने बदलला की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. ह्यांचा फोन मात्र त्याच दिवशी साड्यांखालून काढला, आवाज पूर्ण वाढवला, आणि आता तो माझ्या उशीशी असतो.