पहिली डिस्क त्यांची, दुसरी वहिनींची

खांदा कॉलनीतल्या गुरुदत्त प्रधानांच्या हाताखालून तीनेकशे सिनेमे गेले असतील, पण एकाचीही गोष्ट त्यांना सांगता यायची नाही. आमच्या हौशी नाटक मंडळाचे ते आवाजवाले. २००४ साली घरात कॉम्प्युटर आला, तेव्हापासून सिनेमाच्या डिस्क भाड्याने आणायच्या आणि त्यातले आवाज कापून घ्यायचे, हा त्यांचा उद्योग. दाराची करकर, घोड्याच्या टापा, कुत्र्याचं विव्हळणं. "खून कोणी केला हो त्यात?" असं विचारलं की म्हणायचे, "कल्पना नाही, पण जिना काय सुंदर वाजतो!" अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

सिनेमा तेव्हा दोन डिस्कवर यायचा. पहिलीत हवा तो आवाज मिळाला की गुरुदत्तराव दुसरीला हात लावत नसत. ती मग आशालतावहिनी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर लावायच्या, कारण पहिली कॉम्प्युटरमध्ये अडकलेली आणि सकाळी दोन्ही परत द्यायच्या. वहिनींना शेवट सगळे तोंडपाठ, सुरुवात एकाचीही नाही. कोण कोणाचा भाऊ, हे त्या अंदाजाने ठरवत.

एका वर्षी स्पर्धेसाठी आम्ही कोळ्यांचं नाटक घेतलं. शेवटी तीन मिनिटांचं वादळ. आता आपल्या सिनेमात वारा सुटला रे सुटला की व्हायोलिनं सुटतात, नाहीतर नायिका किंचाळते. वीस डिस्क पालथ्या घातल्यावर गुरुदत्तरावांच्या हाती चार सेकंदांचा निर्भेळ समुद्र लागला. तोच पुन्हापुन्हा जोडून त्यांनी तीन मिनिटं भरली आणि तालमीत ऐटीत वाजवला.

तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, काम करणारा काशिराम उरणचा, घरची मासेमारी. त्याने वल्हं खाली ठेवलं.

"भाऊ, ही लाट मगाशीच येऊन गेली ना?"

"लाट ती लाट! त्यात काय?"

"आमच्याकडं गेलेली लाट परत येत नाय, भाऊ."

सगळे खो खो हसले, मीसुद्धा. दिग्दर्शक उदयसिंह मात्र हसला नाही. म्हणाला, "प्रधान, शनिवारपर्यंत बघा. नाहीतर मी ठाण्याचा साउंडवाला बोलावतो."

गुरुदत्तरावांचं तोंड एवढंसं झालं. पंधरा वर्षांत आम्ही त्यांना ना भूमिका दिली, ना कधी हार घातला. त्यांचं म्हणून जे काय होतं, ते विंगेतलं आवाजाचं टेबल. तेही जाणार म्हटल्यावर माझं हसू पार मावळलं.

पुढचं वहिनींनीच सांगितलं. त्या चार सेकंदांच्या समुद्राचा सिनेमा पुन्हा भाड्याने घेऊन ते घरी आले आणि न जेवता कॉम्प्युटरसमोर बसले. "अगं, समुद्रच नाही कुठे," म्हणाले.

"आहे की! ह्याच सिनेमात शेवटी सगळे बुडतात, मग नुसता खवळलेला समुद्र. गाणं नाही, रडणं नाही. तुम्ही कधी दुसरी डिस्क लावाल तर ना!"

लावली. दोघं शेजारी बसले. होडी गेली, माणसं गेली, समुद्र तेवढा उरला आणि सिनेमा संपला.

"घेतलंत का?" वहिनींनी विचारलं.

गुरुदत्तराव चष्मा पुसत होते. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहून गेलं होतं. "बुडाला गं तो," एवढंच म्हणाले. मग मागे नेऊन पुन्हा लावलं आणि तीन मिनिटं घेतली.

शनिवारी काशिराम डोळे मिटून ऐकत राहिला. "हां," म्हणाला, "आता घरला जायला पायजे, असं वाटतंय." उदयसिंहने ठाण्याला फोन केला नाही.

रविवारी दुपारी गुरुदत्तरावांनी आपण होऊन तोच सिनेमा पुन्हा आणला आणि वहिनींसाठी पहिली डिस्क लावली. मध्ये एक दार झकास करकरलं, तरी हे जागचे हलले नाहीत. त्या बुडणाऱ्या माणसाला एक लहान मुलगी होती, तो रुसून जेवणाचं ताट सरकवायचा, हे वहिनींना आत्ता कळत होतं. डिस्क संपली तेव्हा तो खांद्यावर जाळं टाकून उंबऱ्यात उभा होता.

गुरुदत्तराव दुसरी लावायला उठले, तसा वहिनींनी त्यांचा हात धरला.

"नको हो. आजच्या दिवस राहू दे त्याला घरी."