बोर्डापुढची परेड

माझा गुडघा लढाईत गेला, पण अक्कल त्याआधीच गेली असावी, असं आमच्या घरात मत आहे. त्याला कारण मेडिकल बोर्ड.

जखमी होऊन घरी आलेल्या माझ्यासारख्या जवानाची पेन्शन तेव्हा लगेच कायमची होत नसे. मुदत संपली की नगरला लष्करी डॉक्टरांपुढं जायचं आणि आपण अजून निकामीच आहोत, हे दाखवायचं. बहात्तरच्या दुष्काळात माझी पाळी आली. साखर कारखान्याच्या गेटवरची रखवालदारी सुटली होती. जरा वेळ उभं राहिलं की गुडघा भोपळ्यासारखा सुजायचा. बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पेन्शन बंद झाली असती, तर सगळं घर तिच्या हातोड्यावर आलं असतं.

शेवगावहून एसटीनं येताना तिनं मला नीट पढवलं. दुखतं तिथं दुखतं म्हणायचं, छाती काढून उभं राहायचं नाही. मी आपला मान हलवत होतो.

आत गेलो. टेबलामागं वर्दीतले डॉक्टर. मधल्या साहेबांच्या खांद्यावरचे स्टार दिसले आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या. चालून दाखवा म्हणाले, तर मी परेडच केली. भिंतीपाशी कडक वळलो, परत आलो, सॅल्यूट ठोकला. गुडघ्यातली कळ पार मस्तकात गेली होती. दुखतं का, असं साहेबांनी विचारलं. पलटणीत या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मी तेच दिलं.

"नाही साब."

साहेब खूश झाले. शाबास म्हणून त्यांनी पेन उचललं. मला तर बढती मिळाल्यासारखं वाटत होतं.

दार उघडंच होतं. बाहेर बसलेली बायको दारावरच्या जवानाला न जुमानता सरळ आत आली.

"सायब, ह्ये तुमच्यापुढं उभे हायेत," ती म्हणाली. "घरी सकाळी मी उभं करते त्यांना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला खुर्चीत बसवून गुडघा वाकवून पाहिला. तेव्हा मात्र मी ओरडलो. पेन्शन चालू राहिली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भयंकर चिडलो. वर्दीपुढं माझी लाज काढली म्हणून वाट्टेल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या बाजूच्या खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्या रिकाम्या खांद्यावर मी हात ठेवला आणि स्टँडपर्यंत मनसोक्त लंगडत गेलो.