टाइम मॅनेजमेंटच्या लेक्चरला झोपलेली मुलगी

डायरेक्टर सर फळ्यावर रंगीत खडूंनी दिवसाचं वर्तुळ काढत होते आणि पहिल्याच बाकावर विद्या कांबळे गाढ झोपली होती. लेक्चरचा विषय होता टाइम मॅनेजमेंट. रविवारची सकाळ, हजेरी कम्पल्सरी. मी मागे उभी राहून हजेरी मांडत होते.

सरांनी खडू खाली ठेवला. हॉल शांत झाला तरी ती उठेना. शेजारच्या मुलीने हलवलं तेव्हा दचकून उभी राहिली आणि "प्रेझेंट सर" म्हणाली. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर आणि अमेरिका हे दोन शब्द तेव्हा हैदराबादेत घराघरांत शिरले होते. मी काचीगुड्याला एका खासगी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. आमच्याकडची मुलं इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची. दिवसा कॉलेज करायचं आणि आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सची तयारी. त्यातल्या हुशार मुलांची वेगळी तुकडी, तिला रँक बॅच म्हणायचे. विद्या त्या बॅचमध्ये होती. दिवाळीपर्यंत तिचं फिजिक्स उत्तम होतं. मग प्रत्येक टेस्टला ती घसरत गेली.

लेक्चर संपल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिला रँक बॅचमधून काढायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, आधी मला तिच्याशी बोलू द्या. ते कसेबसे कबूल झाले, पण अट घातली की तिला एक टाइमटेबल करून द्यायचं आणि त्यावर बापाची सही आणायची. अशी टाइमटेबलं मी ढिगाने केली होती. भिंतीवर चिकटवण्यापलीकडे त्यांचा कुणाला काही उपयोग झाल्याचं मला माहीत नव्हतं.

विद्याला बसवून विचारलं, कालचा दिवस कसा गेला ते सांग. पहाटे आमच्याकडे मॅथ्स. तिथून कॉलेज. कॉलेजनंतर आबिड्सला कॉम्प्युटरचा कोर्स. त्याच रस्त्यावर स्पोकन इंग्लिश. परत आमच्याकडे डाउट क्लास. मग बसने मलकपेठला घरी.

"आणि अभ्यास कधी करतेस?" मी विचारलं.

ती गोंधळली. "मॅडम, हाच अभ्यास आहे ना?"

दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघणं आणि कोऱ्या कागदासमोर आपण अडकून बसणं, यातला फरक या मुलीला आम्ही कुणी सांगितलाच नव्हता. अडकून बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. सगळा दिवस शिकवणाऱ्यांनी वाटून घेतला होता.

मी सरांकडे गेले. डाउट क्लास म्हणजे मुलांनी घरी अडलेल्या शंका आणून विचारायच्या. विद्याने घरी पुस्तकच उघडलेलं नसायचं, तर शंका कुठून येणार? तेवढ्या क्लासमधून तिला सूट द्या, म्हटलं.

"एक को छोडे तो सब मांगते," सर म्हणाले. "नक्को मॅडम."

त्याऐवजी त्यांनी मागे पडणाऱ्या मुलांसाठी आणखी एक क्लास काढला. डाउट क्लासच्याही नंतर. त्यात विद्याचं नाव पहिलं. मी कपाळाला हात लावला.

मग तिच्या वडिलांना बोलावलं. कांबळे एका सरकारी ऑफिसात क्लार्क होते. मूळचे नांदेडकडचे, वस्तीतले पहिले मॅट्रिक. इस्त्रीचा शर्ट घालून, ऑफिसातून रजा काढून आले होते. मी स्पोकन इंग्लिश बंद करा म्हटलं, तर ते म्हणाले, इंटरव्ह्यूत पोरगी बोलणार कशी? बरं, मग कॉम्प्युटर पुढच्या वर्षी? ते तर शक्यच नाही. सध्या सगळं त्याच्यावरच चाललंय, असं ऑफिसातले साहेब सांगत होते.

"मॅडम, आमच्या वेळेला शिकवणारं कुणी नव्हतं," ते म्हणाले. "आता आहेत, तर तिनं एक पण क्लास का सोडावा?"

या माणसावर रागावता येत नव्हतं, आणि राग तर येत होता. मी विचारलं, मग तिने जेवायचं कधी? ते म्हणाले, डबा ती बसमध्ये खाते. अगदी सरळपणे म्हणाले.

तेवढा वेळ विद्या खाली बघून बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, मी एक क्लास सोडते. हा."

"हा म्हणजे कोणता?"

"इथला. कॉम्प्युटर मला आवडतं. फिजिक्स आणि मॅथ्स मला घरी बसून येतं. बसायला मिळालं तर."

कांबळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला समजावावं अशी त्यांची अपेक्षा होती. पगार मला या क्लासचा होता आणि केबिनचं दार उघडं होतं. मी म्हटलं, "ती बरोबर सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सर माझ्यावर बरेच तापले. टाइमटेबल करायला सांगितलं होतं, पोरगीच घालवून बसलात, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या महिन्यापासून माझी रँक बॅच काढून घेतली आणि मला नापासांच्या बॅचवर टाकलं.

विद्या अधूनमधून रविवारी माझ्या घरी यायची. आता तिच्याकडे शंका असायच्या, आणि चांगल्या असायच्या. एकदा तर मलाच पुस्तक काढून बसावं लागलं. एन्ट्रन्सला तिचा नंबर फार वरचा आला नाही, पण शहरातल्याच एका साध्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सीट मिळाली. कांबळे पेढे घेऊन आले. जाताना म्हणाले, धाकट्याला दोनच क्लास लावलेत. मी म्हटलं, एक काढा.

त्याच आठवड्यात आमच्या क्लासची पेपरात जाहिरात आली. यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंमध्ये विद्याचाही फोटो होता. मी सरांना विचारायला गेले नाही. तेवढा माझाही वेळ वाचला.

पुढे कितीतरी पालक मुलासाठी टाइमटेबल मागायला यायचे. मी त्यांना एवढंच विचारायची, त्याच्या दिवसातून काय काढणार? बहुतेकांना हा प्रश्न आवडायचा नाही. ते दुसऱ्या मॅडमकडे जायचे. त्या छान टाइमटेबल करून द्यायच्या, रंगीत पेनांनी.